म्हाळू कायम झाला

एका गावात एक भोळा शिपाई होता. गावाचं नाव उंबरदरी, शिपायाचं नाव म्हाळू. गावात शहाणी माणसंही रगड होती, आणि गावाची जी काय वाट लागली होती ती त्यांनीच लावली होती. म्हाळूचा त्यात हात नव्हता. त्याला तसं कुणी सांगितलंच नव्हतं.

कारण म्हाळू सांगितलेलंच करायचा. लहानपणी आईनं त्याला सांगितलं होतं, "मोठ्या माणसांचं ऐकावं." तिथंच घात झाला.

उंबरदरीला आधी ग्रामपंचायत होती. सरकारनं तिची नगरपंचायत केली. पाटी बदलली, गटार तेच राहिलं. पण एक झालं. जुन्या पंचायतीत जो तो जमेल ते काम करायचा. आता प्रत्येकाचं पद नव्यानं ठरणार होतं आणि पदाप्रमाणे पगार. कोण लिपिक, कोण शिपाई, कोण सफाईवाला. कोण कायम आणि कोण हंगामी. हे ठरवायला जिल्ह्याहून एक मॅडम येणार होत्या.

म्हाळू हंगामी होता. आंब्याला हंगाम असतो, उसाला असतो. म्हाळू बारा महिने पाणी भरायचा, चहा आणायचा, झेंडा चढवायचा, तरी हंगामी. कसला हंगाम ते त्यानं कधी विचारलं नाही. विचार म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

हंगामीपणा चालला असता. पण म्हाळूचे सासरे सदाबा, शेजारच्या टाकळवडीचे, यांना जावयाचा पगार कळला. पोरीचं लग्न लावताना त्यांनी चौकशी केली नव्हती, तेव्हा जेवणावळीत बुंदी किती लागेल याची चौकशी चालली होती. आता मात्र ते उंबरदरीला येऊन ओट्यावर बसले आणि म्हणाले, "जावईबापू, तुम्ही हंगामी, तर माझी पोरगीबी हंगामीच. तुम्ही कायम झालात की तिला कायमची धाडतो."

आणि ठकूला घेऊन गेले.

जाताना ठकू म्हणाली, "अवो, फकस्त सांगत्याल तेवढं नीट करा. कायम व्हा. मग या, आन तुमच्या चुलीवर भाकरी थापणारं माणूस घिऊन जा."

"भाकरी थापणारं माणूस," म्हाळूनं घोकलं. "बरं."

त्या दिवसापासून म्हाळूची चूल थंड पडली. तो चुरमुरे खाऊन राहू लागला.

नगरपंचायतीचा कारभार हेडक्लार्क दिनकरअण्णांच्या हातात होता. अण्णांचं काम म्हणजे खुर्चीवर बसणं, बिडी ओढणं आणि डुलकी काढणं. तिन्ही एकदम करता यायची. लोक म्हणायचे, अनुभव दांडगा.

अण्णांनी म्हाळूला बोलावलं. "हे बघ म्हाळू. मॅडम येणार आहेत. इथून पुढं ज्याचं काम त्यानंच करायचं. दुसऱ्याच्या कामाला हात लावलास तर पद बिघडेल. तू शिपाई. तुझं काम पाणी देणं. कळलं?"

"कळलं."

दुपारी अण्णांची डुलकी लागली. बोटातली बिडी खुर्चीच्या उशीवर पडली. आधी धूर आला, मग जाळ आला. म्हाळूनं बघितलं. आग विझवणं हे बंबवाल्याचं काम. उंबरदरीला बंब नव्हता, म्हणून बंबवालाही नव्हता. पण म्हणून दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. म्हाळूनं आपलं काम केलं. माठातून गार पाणी काढलं, पेला भरला, ताटलीत ठेवला आणि अण्णांना हळूच हलवलं.

"अण्णा, पाणी."

अण्णा जागे झाले. घटाघटा पाणी प्यायले. पेला परत दिला.

"वास कसला येतोय रे?"

"अण्णा, तुम्ही पेटलाय."

अण्णा जे उडाले ते थेट माठात जाऊन बसले. माठ फुटला. आग विझली. धोतराला मागून खिडकी पडली. अण्णा ओरडले, "गाढवा! जाळ दिसल्यावर पेला आणतात? जाळ दिसला की आधी बादली ओतायची, मग तोंड उघडायचं!"

"आधी बादली," म्हाळू म्हणाला. "बरं."

चार दिवसांनी नव्या पाटीचा समारंभ झाला. मांडव, लाउडस्पीकर, खुर्च्या. नगरपंचायतीचे अध्यक्ष आबासाहेब खास रेशमी सदरा घालून आले. हे आबासाहेब आधी सरपंच होते, त्यांच्या आधी त्यांचे वडील सरपंच होते. गावाचं भलं करायचं काम त्यांच्या घरात पिढीजात होतं आणि अजून पुरं झालं नव्हतं. समोर समई ठेवलेली. आबासाहेबांनी मेणबत्ती घेतली, कॅमेऱ्याकडं बघून हसले आणि वात लावली.

म्हाळूनं जाळ बघितला.

त्यानं भरलेली बादली उचलली आणि ओतली. समई विझली, मेणबत्ती विझली, आबासाहेबही विझले. रेशमी सदरा अंगाला चिकटून पोट कुठं सुरू होतं ते सगळ्या गावाला दिसलं. बादली रिकामी झाल्यावर म्हाळूनं तोंड उघडलं.

"जाळ होता."

मागं उभी असलेली सुंदराबाई पदर तोंडात कोंबून हसली. सुंदराबाई गावाची सफाईवाली. लग्न होऊन आली तेव्हापासून उंबरदरीचं गटार उपसत होती. तीही हंगामीच. तिनं कितीदा अण्णांना विचारलं, "अण्णा, माझं कायमचं काय?" अण्णा ठरलेलं उत्तर द्यायचे, "वरून आदेश आला की बघू." वरून पाऊस यायचा, ऊन यायचं, आदेश काही येत नव्हता.

अण्णांनी म्हाळूचा कान धरला. "अरे येड्या, मोठ्या माणसाच्या अंगावर असं जातात? मोठ्या माणसापुढं आधी हात जोडायचे. परवानगी मागायची. ते 'हो' म्हणाले की मगच हालचाल करायची!"

"आधी हात, मग हो," म्हाळू म्हणाला. "बरं."

पुढच्या आठवड्यात आबासाहेब फोनवर बोलत कचेरीतून बाहेर पडले आणि समोरच्या गटारात गेले. गटारावर फरश्या बसवल्याचं भाषण त्यांनीच केलं होतं. भाषण इतकं चांगलं झालं होतं की फरश्या बसल्यात असं त्यांनाही वाटू लागलं होतं.

म्हाळू धावत आला. काठावर उभा राहिला. हात जोडले.

"आबासाहेब, वर काढायची परवानगी हाय का?"

आबासाहेबांचं तोंड गटारानं भरलेलं. बुडबुडे आले.

म्हाळू थांबला. बुडबुडा म्हणजे हो की नाही, हे अण्णांनी सांगितलं नव्हतं.

"आबासाहेब, नीट सांगा. हो का?"

पुन्हा बुडबुडे. लोक जमले. कुणी म्हणालं, दोरी आणा. कुणी म्हणालं, बांबू आणा. मोठी माणसं जमली की सल्ले भरपूर निघतात, हात एकही निघत नाही. तेवढ्यात सुंदराबाई आली. तिनं पदर खोचला, गटारात उतरली, आबासाहेबांचं बखोट धरलं आणि भाजीची पाटी ठेवावी तसं त्यांना रस्त्यावर ठेवलं. मग हात धुऊन कामाला गेली. तिला कुणी काही म्हटलं नाही. बोलणी म्हाळूनं खाल्ली.

"मूर्खा!" आबासाहेब गटार थुंकत ओरडले. "माणूस खाली दिसला की परवानगी मागतोस? हाताला धरायचं आणि खसकन वर ओढायचं! विचारत बसायचं नाही!"

"खसकन वर," म्हाळू म्हणाला. "बरं."

आबासाहेब जिवावरच्या संकटातून वाचले म्हणून त्यांच्या घरी सत्यनारायण झाला. ज्या बाईनं वाचवलं तिला आमंत्रण नव्हतं, सत्यनारायणाला होतं. अंगणात पंगत बसली. गावातले झाडून सगळे कर्ते पुरुष मांडी घालून खाली बसले. भात वाढला, वरण वाढलं, तूप पडलं.

म्हाळू वाढायला आला. बघतो तर काय, एवढी माणसं खाली!

त्यानं वरणाची बादली ठेवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पहिले अण्णा. तोंडात जिलबी. म्हाळूनं हाताला धरून खसकन वर ओढलं. अण्णा उभे, जिलबी खाली. दुसरे पतपेढीचे चेअरमन, अंगानं भरलेले. ते एका झटक्यात येईनात, म्हणून म्हाळूनं पाय पानात रोवून ओढलं. तिसरे आजोबा म्हणाले, "अरे, मला सांधेदुखी आहे." म्हाळूनं विचारत बसायचं नव्हतं. शेवटी आबासाहेब राहिले. ते स्वतःहून उठले आणि पळाले. धडा त्यांनीच दिला होता, त्यांना परिणाम ठाऊक होता.

पंगतभर वरण सांडलं. कुत्र्यांना सत्यनारायण पावला.

अण्णांच्या मिशीत पाक होता. त्यांनी दोन्ही हात जोडले. "म्हाळू, तुझ्या पाया पडतो. बसलेल्या माणसाला उठवायचं नाही! तो जिथं बसलाय तिथं त्याला बसू द्यायचं. त्याच्यापुढं नीट मांडायचं, पाणी द्यायचं आणि काय हवं नको ते विचारायचं!"

"बसू द्यायचं," म्हाळू म्हणाला. "मांडायचं. पाणी. हवं नको. बरं."

आणि मग मॅडम यायचा दिवस उजाडला.

मॅडम अकराला येणार होत्या. अण्णांनी सकाळीच एक डोकं लढवलं. अण्णा आणि आबासाहेब कचेरीपुढं झाडू मारतायत असा फोटो काढायचा. मॅडमना दाखवायचं, बघा, आमच्याकडं अध्यक्षसुद्धा झाडतात! दोन कोरे झाडू आणले. डोक्यावर पांढऱ्या टोप्या चढवल्या. कचरा नव्हता, सुंदराबाईनं पहाटेच झाडून काढला होता. मग आबासाहेबांनी तिच्या गाडीतला कचरा काढून पुन्हा रस्त्यावर टाकायला लावला.

सुंदराबाई तिथंच उभी होती. तिनं विचारलं, "आण्णा, म्या कुठं उभी ऱ्हाऊ?"

"तू फोटोत येऊ नकोस," अण्णा म्हणाले. "आत जा. कुठंतरी बस जा."

सुंदराबाई आत गेली. आत एकच खुर्ची रिकामी होती. अण्णांची. तिच्यावरची उशी अर्धी जळलेली होती, पण सुंदराबाईनं आयुष्यात एवढीही उशी बघितली नव्हती. ती बसली. पाय लांब केले. म्हणाली, "आई आई गं."

म्हाळू आत आला. बसलेलं माणूस दिसलं. त्यानं तिला उठवलं नाही. तिच्यापुढं टेबल पुसून नीट मांडलं, घंटी मांडली, शाईचा पॅड मांडला, अण्णांच्या नावाची पाटी मध्ये येत होती ती खणात टाकली. गार पाण्याचा पेला ठेवला. मग अदबीनं विचारलं, "काय हवं नको?"

"चहा सांग की रं," सुंदराबाई म्हणाली.

म्हाळू चहा सांगायला निघाला आणि दारात मॅडम.

मॅडम लवकर आल्या होत्या. सरकारी माणूस वेळेआधी येतो हे उंबरदरीत कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून तयारी कुणाची नव्हती. मॅडम म्हाळूला म्हणाल्या, "मी नाव बघत नाही, वय बघत नाही, कोण कुणाचा पाहुणा ते बघत नाही. जो जे काम करताना दिसेल, ते त्याचं पद. साधा हिशेब."

म्हाळूला हे फार पटलं. "नाव नाही. काम," त्यानं घोकलं. "बरं."

मॅडमनी खिडकीतून बाहेर बघितलं. "ते दोघं कोण?"

"झाडत्यात," म्हाळू म्हणाला. नाव बघायचं नव्हतं.

मॅडम बाहेर गेल्या. मॅडम बघतायत म्हटल्यावर आबासाहेबांना चेव आला. धुरळा उडवत म्हणाले, "नमस्कार मॅडम! आम्ही रोज झाडतो!"

"रोज?"

"रोज म्हणजे रोज!" अण्णा म्हणाले. "पहाटेपासून. दुसरं काम माहीतच नाही आम्हाला!"

"बसून काम केलेलं मला चालत नाही," आबासाहेब म्हणाले. "लहानपणापासून हातात झाडू आहे."

मॅडमनी झाडूकडं निरखून बघितलं. झाडू कोरा करकरीत. "लहानपणापासून म्हणता, पण झाडू कालचाच दिसतोय," त्या म्हणाल्या आणि लिहिलं, 'सफाई कामगार, दोन. हंगामी.'

मॅडम लिहितायत म्हणून दोघांनी आणखी जोरात झाडलं.

मॅडम आत आल्या. सुंदराबाई उठायला लागली. म्हाळूनं तिला खांद्यावर हात ठेवून बसवलं. बसलेल्याला उठवायचं नाही.

"आपण काय बघता इथं?" मॅडमनी विचारलं.

आता सुंदराबाई काही भोळी नव्हती. तिनं टेबल बघितलं, पेला बघितला, खिडकीतून झाडणारे अण्णा बघितले. आणि खरं तेच बोलली.

"समद्यांनी केलेली घाण निस्तारती, बाई. लगीन झाल्यापास्नं."

मॅडमनी मोठा सुस्कारा सोडला. "हेडक्लार्कचं हेच नशीब," त्या म्हणाल्या. लिहिलं, 'कायम.'

राहिला म्हाळू. मॅडमनी चष्मा पुसला. "तुम्ही काय करता?"

ठकू म्हाळूच्या डोळ्यापुढं आली. हंगामीच राहिलो तर ठकू तिकडं, आपण इकडं, मध्ये चुरमुरे.

"सांगत्याल ते करतो," तो म्हणाला.

"कोण सांगतं?"

म्हाळूनं खिडकीतून अण्णांकडं बोट दाखवलं.

"हंगामी सफाई कामगार तुम्हाला काम सांगतो?" मॅडम अडल्या. "म्हणजे तुम्ही त्याच्याही खालचे." त्यांनी कागद खालपर्यंत चाळला. "पण त्याच्या खाली पदच नाही. आता काय करायचं? खाली जागा नाही म्हणजे वरच घ्यावं लागणार." आणि लिहिलं, 'शिपाई. कायम.'

महिनाभरानं आदेश आला. वरून.

अण्णांनी वाचला आणि खुर्चीकडं धावले. खुर्चीवर सुंदराबाई होती. आदेशाच्या शेवटी छापलं होतं, हरकत असल्यास हेडक्लार्कमार्फत अर्ज करावा. अण्णांनी अर्ज लिहिला आणि तिच्यापुढं धरला.

सुंदराबाईनं तो जळक्या उशीखाली सारला. "वरून आदेश आला की बघू, आण्णा. आन जाताना तेवढं दारातलं झाडा."

आबासाहेब तर घराबाहेरच पडेनात. त्यांच्या हजेरीवर सुंदराबाई रोज फुली मारायची.

मग अण्णांनी म्हाळूला गाठलं. हातात तोच झाडू, आता जरा झिजलेला. "चांडाळा! ती बाई माझ्या खुर्चीवर बसलेली दिसली तेव्हा उचलायचं होतंस ना! शेवटचं सांगतो. माणूस भलत्या जागी बसलेलं दिसलं की उचलायचं आणि त्याच्या खऱ्या जागी नेऊन बसवायचं! कितीही ओरडू दे, ऐकायचं नाही!"

"उचलायचं," म्हाळू म्हणाला. "खऱ्या जागी. ओरडलं तरी न्हाई. बरं."

आणि सायकल काढून निघाला टाकळवडीला. कायम झाल्याचा आदेश खिशात. भाकरी थापणारं माणूस आणायचं होतं.

टाकळवडीत वेगळीच तऱ्हा झाली होती. माहेरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी सदाबा ठकूला म्हणाले होते, "पोरी, भाकरी टाक." ठकू बाजेवरून हललीसुद्धा नाही. म्हणाली, "बाबा, तुम्हीच म्हणालात नव्हं, मी हंगामी? आमचा हंगाम अजून सुरू व्हायचाय." सासूबाई कधीच देवाघरी गेल्या होत्या. सदाबांनी एक दिवस वाट बघितली, दोन दिवस वाट बघितली. मोठ्या माणसांचं तत्त्व पोटापर्यंत टिकतं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच धोतर खोचलं आणि पीठ मळायची काटवट ओढली. आता एवढ्या दिवसांत हात असा बसला होता की भाकरी टम्म फुगायची.

म्हाळू दारात आला. ठकू बाजेवर शेंगा खात पडली होती. पण म्हाळूनं नाव बघितलं नाही. आतून थापण्याचा आवाज येत होता, थप थप थप. तो तडक आत गेला.

चुलीपुढं माणूस बसलेलं. भाकरी थापत होतं. आणि तेही भलत्याच चुलीपुढं!

म्हाळूनं हाताला धरलं. खसकन वर ओढलं.

"कोण हाय? अरं, सोड!" सदाबा ओरडले. "जावईबापू! अवो, मी सदाबा!"

"नाव बघायचं नसतं," म्हाळू म्हणाला. "मॅडमनी सांगितलंय."

त्यानं सासऱ्याला उचललं, सायकलच्या कॅरियरवर ठेवलं आणि त्यांच्याच उपरण्यानं बांधलं. सदाबांच्या दोन्ही हातांना पीठ. ते आरडले, ओरडले, गावाला हाका मारल्या. म्हाळूनं ऐकलं नाही. ऐकायचं नव्हतं.

ठकू शेंगा टाकून धावत आली. "अवो, त्ये बाबा हाईत!"

"भाकरी हेच थापत्यात ना?"

ठकूनं बापाकडं बघितलं, पिठाच्या हातांकडं बघितलं. आणि तिला असं हसू फुटलं की तिला बाजेचा आधार घ्यावा लागला. मग तिनं गाठोडं बांधलं, घराला कडी घातली आणि सायकलच्या मागून चालायला लागली. रस्ताभर हसत होती.

उंबरदरीत म्हाळूनं सदाबांना चुलीपुढं बसवलं. परात मांडली. पाणी ठेवलं. काय हवं नको ते विचारलं. ठकूनं चूल पेटवली, तेव्हा म्हाळूनं जाळ बघून बादली उचलली होती, पण ती तिनं वेळेवर धरली.

त्या दिवशी म्हाळू पोटभर जेवला. चार भाकऱ्या, वर लसणाची चटणी.

ताट पुसल्यावर सदाबांनी रडवेल्या आवाजात विचारलं, "जावईबापू, आता मला माझ्या घरी कधी धाडता?"

म्हाळूनं ढेकर दिला. खिशातला आदेश चाचपला.

"आता कसं धाडू, मामा? तुम्हीच म्हणाला होता. मी कायम झालो की कायमचं."